दुखणं चेहऱ्यावर दिसेलच असं नाही

श्रोतेहो, नमस्कार. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, म्हटलं की डोळ्यांपुढे लहान मूल येतं. पण ते मूल मोठं होतं, आणि पोटदुखी, अपघात, फिट यांसाठी कॅज्युअल्टीत येतं. तिथे पहिली गाठ पडते ती नर्सशी.

सगळ्यात घातक चूक होते दुखणं जोखताना. ‘० ते १० पैकी किती दुखतंय?’ या प्रश्नाचं उत्तर अनेक स्वमग्न प्रौढांना देता येत नाही. शरीराच्या आतलं काय बिघडलंय हे ओळखणंच काहींना कठीण जातं. चेहरा कोरा, आवाज सपाट, आणि अपेंडिक्स मात्र फुटलेलं, असं होऊ शकतं. त्यापेक्षा विचारा, ‘काल जमत होतं, आज जमत नाही, असं काय आहे?’ किंवा ‘बोट ठेवून दाखवा.’ मग सोबतच्या माणसाला विचारा, हे एरवी कसे असतात? आजचा फरक हाच धागा. पण आधी बोलायचं रुग्णाशीच. तो बोलत नसला तरी ऐकत, समजत असू शकतो.

ग्लासगो कोमा स्केलचंही तसंच. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांना गुण देऊन रुग्ण किती शुद्धीवर आहे, हे त्यात जोखतात. एरवीच न बोलणाऱ्याला बोलण्याचे गुण कमी पडतात, म्हणून नेहमीची स्थिती शेजारी लिहून ठेवावी. उलट, एरवी बोलणारा अचानक गप्प झाला, तर ‘स्वमग्नच आहे’ म्हणून सोडू नका. रक्तातली साखर आणि ऑक्सिजन लगेच बघा.

प्रश्न एका वेळी एकच, छोटा. मग निदान दहा सेकंद थांबा. घाईने तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला, तर त्याला पुन्हा पहिल्यापासून विचार करावा लागतो. ‘दोन मिनिटांत येते’ म्हणालात तर तो घड्याळ बघत बसेल. वीस मिनिटं लागणार असतील तर वीसच सांगा.

शक्य असेल तिथे दिवा मंद करा, मॉनिटरचा आवाज कमी करा. अलार्म मात्र बंद नको. हात लावण्याआधी सांगा. ओझरता स्पर्श अनेकांना झोंबतो, ठाम स्पर्श सोसवतो. बीपीचा पट्टा किती आवळेल, हे आधी हातात देऊन दाखवा. घाबरलेल्या अवस्थेत नाडी आणि बीपी वाढतात. शांत झाल्यावर पुन्हा मोजा.

डोलणं, हात फडफडवणं थांबवू नका, त्यानेच तो स्वतःला सावरत असतो. आरडाओरडा सुरू झाला, तर तो हल्ला समजून चार जणांनी धरू नये. एकच जण बोलेल, बाकीचे मागे सरतील, दाराची वाट मोकळी राहील. आणि घरी सोडताना औषधांच्या वेळा, परत कधी यायचं, कुठल्या लक्षणाला लगेच यायचं, हे सगळं कागदावर लिहून द्या.