आपण गावाला, बोका घरी

नमस्कार श्रोतेहो.

ज्यांच्या घरी लघवीचा त्रास असलेलं मांजर आहे, त्यांच्याशी मला आज बोलायचंय. अशा घरात कुणाचा प्रवास ठरला, की तिकिटं काढायच्या आधी एक प्रश्न येतो: याचं काय करायचं? आणि बहुतेकांना उत्तर मिळतं, "अहो, मांजरच ते, राहील की!" निरोगी मांजर राहतंही. पण ज्याच्या लघवीत एकदा रक्त येऊन गेलंय, किंवा लघवी तुंबल्यामुळे ज्याला कॅथेटर, म्हणजे लघवी बाहेर काढणारी नळी, घालावी लागलीय, त्याला असं सोडून जाता येत नाही. घरात काही बदललं की ते त्याच्या मूत्राशयावर येतं.

असं का होतं, ते थोडक्यात सांगते. दहा वर्षांच्या आतल्या मांजराला लघवीचा त्रास सुरू झाला, तर निम्म्याहून अधिक वेळा तपासणीत ना खडा सापडतो, ना जंतू. मूत्राशय सुजलेलं असतं, दुखत असतं, पण ज्यावर बोट ठेवावं असं कारण दिसत नाही. डॉक्टर याला फेलाइन इडिओपॅथिक सिस्टायटिस म्हणतात. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन या पशुवैद्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर अनेक वर्षं काम केलं. त्यातून असं दिसलं, की या मांजरांची ताणाला तोंड देणारी यंत्रणाच वेगळी चालते. मज्जासंस्था सतत सावध असते, मूत्राशयाच्या आतलं संरक्षक अस्तर कमकुवत असतं, आणि त्यामुळे त्यांची स्वतःचीच लघवी त्यांना आतून झोंबते. दुखतं मूत्राशय, पण दुखण्याचं मूळ पुष्कळदा मूत्राशयाच्या बाहेर असतं.

याच गटाचा २०११ सालचा एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यात आजारी आणि निरोगी अशी दोन्ही मांजरं एकाच ठिकाणी, चांगल्या व्यवस्थेत ठेवली होती. रोजच्या दिनक्रमात काही अनपेक्षित घडलं, की आजारी मांजरंच नव्हे, निरोगी मांजरंसुद्धा कमी खायची, उलट्या करायची, लघवी-शीसाठी ठेवलेल्या ट्रेच्या बाहेर घाण करायची. तेव्हा तुम्ही परत आलात आणि अंथरुणावर लघवी सापडली, तर "आम्ही गेलो म्हणून सूड उगवला" असं कृपा करून म्हणू नका. मांजर सूड उगवत नाही. त्याला दुखत असतं, आणि जिथे दुखलं त्या ट्रेत परत जायचं ते टाळतं.

मग ठेवायचं कुठे? माझं मत स्पष्ट आहे: त्याच्या स्वतःच्या घरात. मांजराचा जीव माणसात असतो तितकाच जागेत असतो. आपण गेलो की त्याचं एक जातं. त्याला उचलून दुसरीकडे ठेवलं की दोन्ही जातात. पाळणाघरात अनोळखी वास, शेजारच्या पिंजऱ्यातली मांजरं, कधी कुत्र्यांचं भुंकणं, वेगळा ट्रे, वेगळी माती. नातेवाइकांचं घर आपल्याला प्रेमळ वाटतं, पण मांजराला ते परकंच असतं. याला एक अपवाद आहे. लघवी तुंबून नुकताच बरा झालेला बोका असेल, तर कॅथेटर काढल्यानंतर पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत ती पुन्हा तुंबण्याचा धोका बराच असतो. त्या दिवसांत शक्य असेल तर प्रवासच पुढे ढकला. अजिबात शक्य नसेल, तर रात्रीही माणूस असणाऱ्या दवाखान्यात ठेवण्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

घरी ठेवायचं ठरलं, की येणारा माणूस कसा निवडायचा? खूप मांजरवेडा माणूस लागतो असं नाही. वेळ पाळणारा लागतो. दिवसातून दोनदा यायला हवं, रोजच्या खाण्याच्या वेळेला, आणि शक्यतो एकाच व्यक्तीने. एक दिवसाआड येऊन वाटी भरून जाणं या मांजरांना चालत नाही. ठरावीक वेळी खाणं सोडणारी यंत्रं मिळतात, पण यंत्र ट्रे बघत नाही, आणि आपलं सगळं लक्ष ट्रेवर हवं.

ट्रेबद्दल मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण लोक खाण्याच्या सूचना पानभर लिहून ठेवतात आणि ट्रेबद्दल "साफ कर" एवढंच सांगतात. ओलं झालं की गोळा होणारं, बिनवासाचं लिटर, म्हणजे ट्रेत पसरायची माती, वापरा, म्हणजे लघवी मोजता येते. साधारणपणे मांजर दिवसाला दोन ते चार वेळा लघवी करतं. तुमचं मांजर किती वेळा करतं आणि गोळे केवढे होतात, हे तुम्ही निघण्याआधी आठवडाभर बघून ठेवा आणि येणाऱ्या माणसाला प्रत्यक्ष दाखवा. "हा एवढा गोळा, असे सकाळी दोन, संध्याकाळी एक." प्रत्येक फेरीत सगळे गोळे काढायचे, म्हणजे पुढच्या फेरीत दिसतील ते नवेच असतील. काढण्याआधी ट्रेचा फोटो तुम्हाला पाठवायचा. मांजर पलंगाखाली दडून बसलेलं आहे, दर्शन देत नाही, असं अनेकदा होतं. तेव्हा त्याची खबर ट्रेच देतो.

घरात दोन-तीन मांजरं असतील तर कोणाचा गोळा कोणता, हे कळत नाही. त्यासाठी काहीजण आजारी मांजराला वेगळ्या खोलीत कोंडतात. मला ते पटत नाही, कारण कोंडणं हाच नवा ताण. त्यापेक्षा ट्रेवर एक छोटा कॅमेरा लावा. ट्रेची संख्या मात्र मांजरांपेक्षा एकने जास्त ठेवा, आणि सगळे एकाच कोपऱ्यात नकोत.

आता धोक्याच्या खुणा. पुन्हापुन्हा ट्रेत जाणं आणि थेंबथेंब होणं. लहान लहान खूप गोळे. लघवी गुलाबी दिसणं. मागच्या बाजूला सतत चाटत बसणं. न्हाणीत किंवा बेसिनमध्ये, गार फरशीवर लघवी करणं. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.

पण बोका ट्रेत बसून कुंथतोय, ओरडतोय आणि काहीच बाहेर येत नाहीये, तर फोन करून उद्याची वेळ घ्यायची नाही. त्याला तडक दवाखान्यात न्यायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी. बोक्याचा मूत्रमार्ग लांब आणि टोकाला फार अरुंद असतो. स्फटिकांचा आणि चिकट स्रावाचा एक छोटा बोळा तिथे अडकला, की लघवी पूर्ण बंद होते. मूत्रपिंडांवर दाब येतो, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि ते हृदयाची लय बिघडवतं. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. मांजरीचा मूत्रमार्ग रुंद असल्याने तिच्यात हे क्वचित घडतं, पण बोक्यात नेहमी बघायला मिळतं. सगळ्यात मोठी गफलत म्हणजे, बघणाऱ्याला वाटतं याला बद्धकोष्ठ झालंय. कुंथणं दोन्हीत सारखंच दिसतं. तेव्हा येणाऱ्या माणसाला साधा नियम सांगा: बोका कुंथतोय आणि ट्रेत नवा गोळा नाही, तर तो तुंबलाय असंच धरून चालायचं. पोट दाबून बघायचं नाही. आणि घरातली माणसांची वेदनाशामक गोळी कधीही द्यायची नाही. पॅरासिटामॉलने मांजर मरतं.

बोका कसा दिसला की न्यायचा, हे माहीत असूनही माणूस अडतो, कारण "मालकांना विचारल्याशिवाय कसं नेऊ? खर्च कोण करणार?" तुम्ही विमानात असाल, फोन लागणार नाही. म्हणून निघण्याआधी डॉक्टरांना सांगून ठेवा की तुमच्या गैरहजेरीत अमुक व्यक्ती मांजर आणेल. सहीचं पत्र द्या: उपचाराला माझी संमती आहे, अमुक रकमेपर्यंत मला न विचारता खर्च करावा. पैसे त्या माणसाच्या हाती ठेवा किंवा दवाखान्यात आगाऊ भरा. रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, हे तुम्ही शोधून लिहून ठेवा. आधीच्या आजाराची कागदपत्रं, चालू औषधं, सगळं एका पाकिटात. आणि त्या माणसाला तोंडाने सांगा, "तू उगाच नेलंस असं झालं तरी मी एक शब्द बोलणार नाही." हे वाक्य माझ्या मते त्या पत्राइतकंच महत्त्वाचं आहे.

मांजर न्यायचा पिंजरा माळ्यावर नको. तो खोलीत उघडा ठेवा, आत तुमची वापरलेली चादर घाला, अधूनमधून आत खाऊ ठेवा. ज्याला पिंजरा ओळखीचा आहे ते मांजर आणीबाणीत पाच मिनिटांत आत जातं.

येणाऱ्या माणसाची ओळख आधी करून द्या. तुम्ही घरी असताना त्याने तीन-चार वेळा यावं, जमिनीवर बसावं, खाणं घालावं, मांजराला उचलू नये. मग एक रात्र तुम्ही बाहेर राहून बघा. त्या रात्री मांजर जेवलं, ट्रेत नेहमीसारखे गोळे दिसले, तर मोठ्या प्रवासाला धीर येतो. नसेल जमलं, तर तो माणूस रात्री मुक्कामाला येऊ शकतो का, बघा.

खाण्याबद्दल एवढंच: प्रवासाच्या तोंडावर खाणं बदलू नका. लघवी पातळ राहणं या मांजरांसाठी मोलाचं आहे, आणि पाकिटातल्या ओल्या खाण्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, कोरड्या दाण्यांत जेमतेम दहा टक्के. मांजर मुळात कमी पाणी पितं, त्यामुळे ओलं खाणं चालू असेल तर ते बंद पडू देऊ नका, वर चमचा-दोन चमचे पाणी घालायला सांगा. तुमच्या सोयीसाठी आठवडाभर सगळं कोरड्यावर न्यायचं, हे करू नका. डॉक्टरांनी दिलेला खास आहार असेल तर लागेल त्याहून जास्त भरून ठेवा. मांजराने पूर्ण दिवस तोंडाला काही लावलं नाही, तर तेही डॉक्टरांना कळवायचं; विशेषतः लठ्ठ मांजराचं यकृत उपाशीपोटी लवकर बिघडतं.

ताण कमी करणाऱ्या गोळ्या डॉक्टर काही मांजरांना देतात. त्या आपल्या मांजराला हव्या आहेत का, हे प्रवासाच्या बरंच आधी विचारा, म्हणजे तुमच्या डोळ्यांदेखत पहिली मात्रा देऊन बघता येते. फेरोमोनचं, म्हणजे मांजराला शांत करणारा गंध सोडणारं यंत्र प्लगला लावायचं असेल तर तेही काही दिवस आधी. सगळ्यांनाच त्याचा उपयोग होतो असं नाही, पण अपाय नाही.

निघायच्या दिवसाचा गोंधळ मांजराला सगळ्यात आधी कळतो. बॅग चार-पाच दिवस आधी काढून ठेवा, म्हणजे ती फर्निचरसारखी होऊन जाते. जाण्याआधी सगळ्या चादरी धुऊन घर चकचकीत करायची आपल्याला सवय असते. या वेळी निदान मांजर झोपतं ती चादर आणि तुमचा एक वापरलेला कपडा तसाच राहू द्या. तुमच्या मागे घरात रंगकाम, दुरुस्ती, फवारणी काढू नका.

आणि परत आल्यावर लगेच निश्चिंत होऊ नका. तुमचं येणं हासुद्धा एक बदल आहे. सामान, पाहुणे, बिघडलेल्या वेळा, हे सगळं पुन्हा येतं. काही मांजरांना त्रास नेमका तेव्हा सुरू होतो. पुढचा आठवडाभर गोळे मोजत राहा, जेवणाच्या वेळा पहिल्या दिवसापासून जागेवर आणा. घरात कुठे लघवी सापडली तर एन्झाइमच्या क्लीनरने पुसा. अमोनियाचा वास असलेलं द्रव्य नको, त्याचा वास मांजराला लघवीसारखाच येतो. बिनखड्याची ही सूज बऱ्याचदा आठवड्याभरात आपोआप ओसरते, म्हणून लोक वाट बघतात. पण तो आठवडा मांजराला फार दुखतं, आणि दुखणं थांबवायची सुरक्षित औषधं डॉक्टरांकडे आहेत. तेव्हा बॅग उघडायच्या आधी ट्रे बघा, आणि शंका आली तर त्याच दिवशी त्याला दाखवून आणा.

नमस्कार.