चिंगीला जोडीदार आणताना

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या घरी चिंगी नावाची गिनिपिग आहे. वर्षभर ती एकटीच होती. फ्रिजचं दार उघडलं की पिंजऱ्यातून शिट्टी यायची, ‘वीऽक, वीऽक’. काकडीची चकती मिळेपर्यंत थांबायची नाही. आम्हाला वाटायचं, काय माणसाळलीय! उरलेला दिवस ती कोपऱ्यात नुसती बसून असते, हे लक्षात यायला वेळ लागला. हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा, आणि स्वभावानं कळपात राहणारा. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून गिनिपिग एकटा ठेवायला कायद्यानंच बंदी आहे.

म्हणून दुसरी आणली. दुकानदार छातीठोकपणे म्हणाला, “मादीच आहे, घेऊन जा.” नाव ठेवलं बाळी. नव्या जनावराला दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावं लागतं, कारण खरूज किंवा सर्दी असली तर ती जुन्यालाही लागते. त्या मुदतीत डॉक्टरांकडे नेली. त्यांनी उलटी धरून पाहिली आणि हसले. बाळीचा बाळ्या झाला!

तुम्ही जोडी आणणार असाल, तर ही तपासणी आधी करा. पोटुशीपण साधारण दोन महिन्यांचं असतं आणि व्यायल्यावर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. मग पिंजरे पुरत नाहीत. दोन माद्यांचं सहसा जमतं. दोन नरांचंही जमतं, जागा ऐसपैस हवी. तीन नर मात्र एकत्र ठेवू नका. आम्ही बाळ्याची नसबंदी केली. त्यानंतरही सहा आठवडे त्याला वेगळंच ठेवलं, कारण शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे नर बाप होऊ शकतो. तेवढे दिवस दोन पिंजरे शेजारी-शेजारी, मध्ये जाळी.

मग भेटीचा दिवस. चिंगीच्या पिंजऱ्यात बाळ्याला थेट सोडायचं नसतं, ते तिचं घर. आम्ही हॉलच्या फरशीवर जुनी चादर अंथरली, वाळलेल्या गवताचे दोन ढीग घातले, ढोबळी मिरचीचे तुकडे पसरले. लपायला खोका ठेवलात तर त्याला दोन दारं हवीत, नाहीतर एकजण आत कोंडला जातो.

बाळ्यानं मानेवरचे केस फुलवले. मागचा भाग डावी-उजवीकडे झुलवत, घशातून घुर्रर्र आवाज काढत तो तिच्याभोवती फिरायला लागला. टेबलावर व्हायब्रेटवर ठेवलेला मोबाइल वाजावा, तसा तो आवाज. चिंगीनं मिरची खाता-खाता, मागे वळूनही न बघता, त्याच्या तोंडावर लघवीची पिचकारी मारली. नको असलेल्या नराला माद्या असंच उत्तर देतात. तो दोन पावलं मागे सरला, नाक पुसलं, आणि पुन्हा घुर्रर्र!

माझा हात दोनदा पुढे गेला. बायकोनं दोन्ही वेळा मागे ओढला, आणि तिचंच बरोबर होतं. पाठलाग, अंगावर चढणं, नाक वर करून ताठ उभं राहणं, हे सगळं थोरला कोण ते ठरवणं असतं. दर वेळी उचलून वेगळं केलं, तर ठरायचं तसंच राहतं आणि पुढच्या भेटीत सगळं पहिल्यापासून. दात कडकड वाजायला लागले, तर सावध व्हा. दोघं एकमेकांना चावून गोळा होऊन लोळायला लागले किंवा रक्त दिसलं, तर मात्र लगेच वर टॉवेल टाका. उघडा हात मध्ये घालू नका, बोटाला कडकडून चावा बसेल.

आम्ही चार तास बसलो. शेवटी दोघं एकाच ढिगातलं गवत चावायला लागले. मग पिंजरा व्हिनेगरच्या पाण्यानं धुतला, म्हणजे चिंगीचा वास राहू नये. दोन बाटल्या, दोन वाट्या ठेवल्या आणि दोघांना आत सोडलं. पुढचे पंधरा दिवस स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन केलं. एकजण दुसऱ्याला खाऊ देत नसेल, तर ते आधी वजनात दिसतं. आणि हो, हा घाट उन्हाच्या तडाख्यात घालू नका; यांना उकाडा सोसत नाही.

चौथ्या रात्री पाणी प्यायला उठलो. दोघं एकमेकांना बिलगून वगैरे झोपले नव्हते, वीतभर अंतर ठेवूनच बसले होते. फ्रिजचं दार उघडलं. शिट्ट्या दोन आल्या, बाळ्याची जरा बेसूर.