अँपिअर नंतर, आधी सॉकेट आणि पत्रा

घरच्या गॅरेजसाठी पहिलं वेल्डिंग मशीन घेताना बहुतेकांची नजर खोक्यावरच्या अँपिअरवर जाते. त्याआधी बघा, भिंतीतला सॉकेट किती झेपवतो आणि तुम्ही जोडणार काय आहात.

सॉकेटपासून सुरुवात करू, कारण फसगत तिथेच होते. रॉडने (लेप दिलेली, वितळून जोड भरणारी कांडी) १०० अँपिअरवर काम करताना आर्कला, म्हणजे रॉड आणि धातूमधल्या विजेच्या झोताला, साधारण २४ व्होल्ट लागतात, म्हणजे २.४ किलोवॅट. त्यात मशीनमधला तोटा आणि साध्या इन्व्हर्टरचा (हलकं इलेक्ट्रॉनिक वेल्डिंग मशीन) कमी पॉवर फॅक्टर धरा, म्हणजे ओढलेला सगळा करंट कामी येत नाही. २३० व्होल्टच्या लाइनमधून १७-१८ अँपिअर ओढले जातात. १६ अँपिअरच्या सॉकेटची हद्द इथेच संपली! खोक्यावर २०० असो की २५०, १०० च्या वर गेलात की एमसीबी पडायला लागणार. २.५ मिमीचा ६०१३ रॉड (६०१३ हा रॉडचा एक प्रकार) मात्र ७० ते ९० अँपिअरवर चालतो, आणि शिकायला तोच बरा.

त्या २०० च्या शेजारी ड्यूटी सायकल छापलेली असते. २० टक्के म्हणजे दर दहा मिनिटांत दोन मिनिटं वेल्डिंग, आठ मिनिटं विश्रांती. ती कोणत्या तापमानाला मोजली तेही वाचा. ४० अंशांना मोजलेली असेल तर विश्वास ठेवा. २० अंशांची असेल तर उन्हाळ्यात मशीन लवकर बंद पडेल.

आता धातू. ३ मिमीच्या पुढचा अँगल, फाटक, स्टँड असं काम असेल तर डीसी इन्व्हर्टर आणि रॉड पुरे. थोडा गंज, थोडा वारा रॉड सोसतो. पण गाडीचा १ मिमीचा पत्रा रॉडने जोडायला गेलात तर भोकंच पडतील. तिथे मिग, म्हणजे तार आपोआप पुढे सरकवणारं मशीन, हवं: ०.६ किंवा ०.८ मिमीची भरीव तार आणि गॅस. बिनगॅसची फ्लक्सची तार (पोटात झाळेचं रक्षण करणारी पूड असलेली) स्वस्त पडते, पण ती पातळ पत्र्याला जास्त तापवते. शिवाय बहुतेक अशा तारांना टॉर्च (तार जिच्यातून बाहेर येते ती हातातली बंदूक) निगेटिव्हवर लागतो आणि भरीव तारेला पॉझिटिव्हवर. उलट जोडला तर ठिणग्यांचा पाऊस आणि ओबडधोबड झाळ. म्हणून ध्रुव बदलता येतात का आणि गॅसची जोडणी आहे का, हे घेण्याआधीच विचारा. काही स्वस्त मशीनांत दोन्ही नसतं, आणि मग पुढे गॅसवर जायचं झालं तर नवं मशीन घेणं आलं. टिगचा (टंगस्टनच्या टोकाने आर्क करणारी पद्धत) विचार सध्या नको. अ‍ॅल्युमिनियमसाठी त्याला एसी लागतो.

मशीनवर सगळे पैसे घालवू नका. १० किंवा ११ शेडचा (शेड म्हणजे काचेच्या काळेपणाचा आकडा) हेल्मेट, चामड्याचे हातमोजे आणि ग्राइंडर यांना वाटा ठेवा. एक्स्टेन्शनची वायर २.५ चौरस मिमीची घ्या आणि वापरताना पूर्ण उलगडा, गुंडाळलेली तापते. जस्ताचा मुलामा असलेला पाईप आधी घासून मुलामा काढा; त्या धुरानं संध्याकाळी ताप भरतो. आणि रॉड सारखा चिकटत असेल तर मशीनला दोष देण्याआधी अर्थ क्लँप (मशीनच्या दुसऱ्या वायरचा, धातूला लावायचा चिमटा) रंगावर लावला आहे का, ते बघा.