आंबोलीचा सडा: ओसाड दिसणाऱ्या कातळावरची वस्ती

नमस्कार मंडळी! मी आत्ता सिंधुदुर्गातल्या आंबोलीत, सड्यावर उभी आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. उन्हाळ्यात आलात तर म्हणाल, इथे काय आहे? काळा कातळ आणि वाळलेलं गवत. पण मृगाचा पाऊस पडू द्या.

हे बघा, या खळग्यात जेमतेम चार बोटं पाणी आहे. कॅमेरा जरा खाली घेते. तो दिसला? अंगठ्याच्या पेराएवढा, अंगावर पिवळे पट्टे. हा आंबोली टोड, बेडकाचाच एक प्रकार. वाघासारख्या पट्ट्यांमुळे शास्त्रीय नावात 'टायगेरिना' आलं. २००९ मध्ये तो नवी जात म्हणून जगासमोर आला. याचा अगदी जवळचा नातलग एकच, कोयनेचा टोड. आंबोली आणि आसपासचा थोडा भाग सोडला तर हा कुठेच सापडत नाही, म्हणून तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे.

आता ओढ्याकडे चला. फांदीवर हा पांढरा फेस दिसतोय ना? ते मलबारी उडत्या बेडकाचं घरटं. मादी फेस घुसळून त्यात अंडी घालते आणि पिल्लं थेट खालच्या पाण्यात टपकतात. किती विचारपूर्वक जागा निवडलीय! इथेच बुटक्या फांदीवर मलबारी चापडा हा साप वेटोळं घालून बसतो, बेडकाची वाट बघत. विषारी आहे, पण अंगावर धावून येत नाही. फोटोसाठी काठीने डिवचू नका, कळकळीने सांगते.

आणि पायाखालच्या ओल्या मातीत देवगांडूळ. गांडुळासारखं दिसतं, पण बेडकांच्या गोतातलं, कणा असलेलं. त्याची एक जात २००३ मध्ये आंबोलीतूनच नोंदवली गेली.

मला खरी काळजी आहे ती सड्याची. त्याला पडीक समजून लोक वर गाड्या चढवतात. चाकाखाली आलेला खळगा म्हणजे शेकडो अंडी गेली. रात्री हे टोड डांबरी रस्ताही ओलांडतात, तेव्हा पावसाळ्यात इथे गाडी अगदी हळू चालवा.

परत त्या खळग्यापाशी येऊ. अंडी कालच घातलेली दिसतायत. पावसाने दडी मारली तर हे पाणी काही दिवसांतच आटेल. त्याआधी पिल्लांना पाय फुटायला हवेत.