मंडळाचे बिल आणि सही करणाऱ्याची जबाबदारी

श्रोतेहो, नमस्कार. उत्सव पार पडतो, मंडप उतरतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी मंडपवाला किंवा छापखानेवाला थकलेले बिल घेऊन सरचिटणिसाच्या दारात उभा राहतो. मंडळाच्या खात्यात तोवर खडखडाट झालेला असतो. अशा वेळी "बिल मंडळाचे आहे, माझे नाही" हे उत्तर न्यायालयात टिकते का, एवढ्याच प्रश्नाविषयी आज बोलायचे आहे.

दावा कुठे चालतो, ते आधी पाहू. मुंबईत धोबी तलावाजवळचे लघुवाद न्यायालय १८८२ च्या कायद्याखाली काम करते. पैशांच्या वसुलीचे त्याचे अधिकार दहा हजार रुपयांपर्यंतच आहेत, आणि तेवढ्या पैशांत आज मंडपाचे चार खांबही उभे राहत नाहीत. तिथली बहुतेक गर्दी त्यामुळे घरमालक आणि भाडेकरूंचीच असते. मोठ्या रकमेसाठी दिवाणी न्यायालयात जावे लागते. न्यायालय कोणतेही असो, देणेकरी नेमका कोण, हा पहिला प्रश्न तोच राहतो.

त्याचे उत्तर नोंदणीत दडलेले असते. संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली असेल, तर कलम ६ प्रमाणे तिच्यावरचा दावा अध्यक्ष, सचिव किंवा विश्वस्त यांपैकी कोणाच्या तरी नावाने चालतो. समन्स त्या गृहस्थांच्या नावाने घरी येते, घरातली मंडळी हबकतात आणि आता राहते घर जाणार अशी चर्चा सुरू होते. पण त्याच कायद्याचे कलम ८ स्पष्ट सांगते की अशा दाव्यातला हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा निकाली आदेश, त्या पदाधिकाऱ्याच्या मालमत्तेवर किंवा त्याच्या देहावर बजावता येत नाही, तो संस्थेच्याच मालमत्तेवर बजावायचा असतो. नाव अध्यक्षांचे असले तरी जप्ती येते ती संस्थेच्या कपाटांवर, खुर्च्यांवर आणि बँकेतल्या शिलकेवर. सहकारी गृहनिर्माण संस्थेला तर नोंदणीनेच स्वतंत्र कायदेशीर व्यक्तित्व मिळते, त्यामुळे तिथे दावा थेट संस्थेच्या नावाने होतो.

खरी अडचण नोंदणी नसलेल्या मंडळांची आहे, आणि गल्लोगल्ली अशीच मंडळे अधिक दिसतात. पावतीपुस्तक असते, शिक्का असतो, लेटरहेडवर पंचवीस जणांची कार्यकारिणी छापलेली असते. पण कायद्याच्या दृष्टीने 'मंडळ' नावाची कोणी व्यक्तीच अस्तित्वात नसते. वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी मिळाली, म्हणजे मंडळाची नोंदणी झाली, असाही पुष्कळांचा समज असतो, आणि तो चुकीचा आहे. १८७२ च्या करार कायद्याचे कलम २३० एरवी दुसऱ्याच्या वतीने करार करणाऱ्याला संरक्षण देते; मात्र ज्याच्या वतीने करार केला त्याचे नाव उघड असूनही त्याच्यावर दावाच लावता येत नसेल, तर करार करणारा स्वतः बांधील आहे असे हेच कलम गृहीत धरते. त्यामुळे मंडपवाल्याच्या कोटेशनवर "मान्य" असे लिहून खाली सही करणारा सरचिटणीस, सहीशेजारी मंडळाचा शिक्का असला तरी, प्रतिवादी ठरू शकतो. "मी फक्त सही केली" ही कैफियत तिथे फार कामाला येत नाही.

सही चौघांची असेल, तर करार कायद्याचेच कलम ४३ लागते. करारात वेगळे काही ठरलेले नसेल, तर मंडपवाला चौघांपैकी कोणाही एकाकडून सगळी रक्कम मागू शकतो, आणि तो बहुधा पगारदार माणूसच निवडतो. ज्याने रक्कम भरली त्याला उरलेल्या तिघांकडून त्यांचा वाटा वसूल करण्याचा हक्क आहे, पण तो त्याने स्वतः बजावायचा. नुसती वर्गणी देणारा किंवा आरतीला येणारा सभासद मात्र तेवढ्यावरून बिलाचा देणेकरी होत नाही. खर्चाला ज्यांनी संमती दिली, त्यांच्याकडेच बोट जाते. म्हणूनच खर्चाचा ठराव इतिवृत्तात हजर सदस्यांच्या सह्यांसह नोंदवलेला असावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

नोंदणीकृत संस्थेच्या पदाधिकाऱ्यालाही दोन ठिकाणी जपावे लागते. "पैसे बुडाले तर मी देईन" असे लिहून दिले, तर तो जामीनदार होतो आणि करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे त्याची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. दुसरे म्हणजे खात्यात पैसे नसताना दिलेला चेक. तो न वटल्यास चेकविषयीच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ खाली फौजदारी प्रकरण उभे राहते, आणि तिथे सही करणाऱ्याला संस्थेच्या आड लपता येत नाही.

धनकोनेही वेळ पाहावी. मालाच्या किंवा कामाच्या बिलासाठी दावा लावण्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते. ती संपण्यापूर्वी देणेकऱ्याने बिलावर "बाकी मान्य" असे लिहून सही केली, तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षे मोजली जातात. तोंडी आश्वासनाने मात्र एक दिवसही वाढत नाही. रक्कम लहान असेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून दाव्याआधीच लोकअदालतीत तडजोड करता येते. तिथे कोर्ट फी नसते, आणि झालेल्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचाच दर्जा असतो.