द्रष्टा म्हणजे पाहणारा

नमस्कार मंडळी.

‘द्रष्टा’ हा शब्द आपण थोरामोठ्यांसाठी राखून ठेवतो. उद्याचं ज्याला आजच कळतं तो द्रष्टा, असं धरून चालतो. पण शब्द उलगडून बघा. दृश् म्हणजे पाहणं, द्रष्टा म्हणजे पाहणारा. भविष्याचा त्यात उल्लेखही नाही. मला याचा मोठा आधार वाटतो, कारण पाहायला शिकता येतं.

१८५४ च्या ऑगस्टअखेरीस लंडनच्या सोहो भागात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ उसळली. दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसं दगावली. रोग घाणेरड्या हवेतून पसरतो, असं तेव्हाचे बहुतेक डॉक्टर मानत. डॉ. जॉन स्नो यांचा संशय पाण्यावर होता. मृत्यू कुठल्या घरांत झाले ते त्यांनी नकाशावर मांडलं, तर ती घरं ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती दाटलेली दिसली. नकाशाची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. मला त्याहून मोलाचं वाटतं ते न जुळणाऱ्या गोष्टींशी त्यांचं वागणं.

पंपाजवळच बिअरचा एक कारखाना होता. सत्तरेक कामगार, पण पटकीनं एकही गेला नाही. दुसऱ्या कुणी ‘असतो एखादा अपवाद’ म्हणून कानाडोळा केला असता. स्नो मालकाला जाऊन भेटले. कामगारांना प्यायला बिअर मिळे, आवारात वेगळी विहीर होती, पंपाकडे कुणी फिरकतच नसे. उलट दूर हॅम्पस्टेडला, जिथे साथ नव्हती, तिथे एक विधवा बाई पटकीनं गेल्या. त्यांना ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडे, म्हणून त्या ते मुद्दाम बाटलीतून मागवत. अंदाज मोडतील असं वाटणाऱ्या या दोन घटनांनीच तो पक्का केला. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८० च्या दशकात दाखवून दिला. स्नो तर १८५८ मध्येच गेले होते.

दुसरं उदाहरण रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यांचं. त्यांनी १८६९ मध्ये मूलद्रव्यांची सारणी मांडताना, अजून न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी काही घरं रिकामी सोडली. १८७५ मध्ये त्यांतल्या एका घरात बसणारं गॅलियम सापडलं. शोधणाऱ्यानं त्याची घनता ४.७ सांगितली. मेंडेलीव्ह यांनी धातू पाहिलेलाही नव्हता, तरी ती ५.९ च्या आसपास हवी, पुन्हा मोजा, असं कळवलं. शुद्ध नमुन्यावर पुन्हा मोजली, तेव्हा ५.९ भरली. याला अंतर्ज्ञान म्हणणं मला पटत नाही. शेजारच्या मूलद्रव्यांचे गुणधर्म त्यांनी वर्षानुवर्षं न्याहाळले होते.

मग आपण काय करायचं? डार्विन यांची एक सवय उचलू या. आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की ते लगेच टिपून ठेवत. सोयीच्या गोष्टींपेक्षा अशा गोष्टी मनातून लवकर निसटतात, हे त्यांना अनुभवानं कळलं होतं. मला तर वाटतं, खोल नजर घडवायला एवढी एक वही पुरे. उजव्या पानावर तारीख घालून आपला अंदाज लिहा: मुलांबद्दल, कामाबद्दल, जगाबद्दल. डावं पान कोरं ठेवा. अंदाजाशी न जुळणारं काही दिसलं की त्याच दिवशी तिथे लिहा, आणि खोडू नका.

पुढच्या मेळाव्याला वह्या घेऊन या. आपण डावी पानं वाचू.