कोमल आणि शुद्ध गांधारातले तीन सेंटिमीटर
(सोलापुरातील सप्रयोग व्याख्यानाचे संपादित रूप)

समोरच्या फळीवर पोलादाची एक तार ताणलेली आहे. दोन टोकांच्या घोड्यांमधलं अंतर बरोबर ९० सेंटिमीटर. मोकळी तार छेडली की मिळतो तो आपला षड्ज. आता सरकती घोडी अशी लावू, की तारेचा वाजणारा भाग ७५ सेंटिमीटर उरेल. हा कोमल गांधार. ७२ उरू द्या, शुद्ध गांधार. या दोघांमधले तीन सेंटिमीटर हाच आजचा विषय.

घरी हा प्रयोग करताना सरकती घोडी तारेला जेमतेम टेकेल एवढीच उंच ठेवा. ती उंच झाली तर तार जास्त ताणली जाते आणि माप बरोबर असूनही स्वर चढा लागतो. बोटाने तार दाबली तरी हेच होतं. दुसरी गोष्ट आपल्या सोलापूरच्या उन्हाची. उष्णतेने तार सैलावते, षड्ज उतरतो. म्हणून प्रत्येक मापाआधी मोकळी तार तंबोऱ्याशी पुन्हा जुळवून घ्यायची.

आता गणित. ९० भागिले ७५ म्हणजे ६/५, ९० भागिले ७२ म्हणजे ५/४. या दोन प्रमाणांचा भागाकार येतो २५/२४. षड्ज २४० कंपनांचा धरला तर कोमल गांधार २८८ आणि शुद्ध ३००. सप्तकाचे १२०० सेंट मानले, तर हे अंतर ७०.७ सेंट भरतं. हार्मोनियमवर कुठल्याही दोन शेजारच्या पट्ट्यांमध्ये १०० सेंट असतात. त्या हिशेबाने याच तारेवर कोमल गांधार ७५.७ वर आणि शुद्ध ७१.४ वर येतो. तीन सेंटिमीटरचे सव्वाचार झाले! पेटीचा कोमल गांधार जवळजवळ १६ सेंट उतरलेला आणि शुद्ध गांधार जवळजवळ १४ सेंट चढलेला असतो. दोघे एकमेकांपासून लांब ढकलले गेलेले. पेटीवरच तयार झालेला गळा कोमल गांधार गरजेपेक्षा खाली लावतो, त्याचं कारण हे आहे.

याच्या शेजारी दुसरं अंतर ऐका. शुद्ध गांधारावरून मध्यमावर जायचं, म्हणजे ७२ वरून ६७.५ वर. प्रमाण १६/१५, जवळपास ११२ सेंट. पेटी या दोन्हींना एकच माप लावते. कानाला मात्र त्यांचं काम वेगळं जाणवतं. गांधारावरून मध्यमावर जाताना एका स्वराचं घर सोडून आपण दुसऱ्याच्या घरी जातो. कोमलावरून शुद्धावर जाताना स्वर तोच राहतो, त्याचा रंग बदलतो. माझ्या मते कोमल-शुद्धातल्या या २५/२४ च्या अंतराची, म्हणजे लहान अर्धस्वराची, खरी ओळख ही आहे आणि ती शिकवताना आधी कानाला करून द्यावी, अपूर्णांक मागाहून.

कानाने तो कसा सापडतो? तंबोरा पंचमाचा लावा. खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गांधार येतो तो ५/४ चाच, त्यात गळा मिसळू द्या. कोमल गांधार खर्जातून इतका उघड मिळत नाही, तो पंचमाकडून मिळवायचा. पंचम हा कोमल गांधाराचा शुद्ध गांधार आहे. म्हणून कोमल गांधाराला क्षणभर षड्ज माना आणि तिथून 'सा ग' म्हणा. तो 'ग' तंबोऱ्याच्या पंचमात विरघळला की कोमल गांधार जागेवर आहे. पेटीवर पडताळा घ्यायचा तर षड्जाबरोबर शुद्ध गांधार दाबून ठेवा. २४० च्या षड्जाशी सेकंदाला साडेनऊच्या आसपास डोल (आवाजाचे लहान-मोठे होणारे हेलकावे) ऐकू येतात, कोमल गांधाराशी सुमारे तेरा. खऱ्या ५/४ ला आणि ६/५ ला हे डोल थांबतात.

धैवत (८/५ आणि ५/३) आणि निषाद (९/५ आणि १५/८) यांच्या जोड्यांतही हेच २५/२४ आहे. ऋषभात १६/१५ आणि १०/९ यांच्यामध्ये ते येतं. मध्यमाचं तसं नाही. शुद्ध मध्यम ४/३ आणि तीव्र ४५/३२ धरला तर अंतर ९२ सेंटांचं होतं. ललतात दोन मध्यम लागोपाठ घेताना ही मोठी पायरी नीट ऐका. आणि दरबारीच्या आंदोलित गांधाराला ६/५ च्या खुंटीला बांधू नका, तो त्याहून उतरलेला असतो.

श्रुतींच्या, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांतरांच्या, आधुनिक मांडणीत २५/२४ च्या अंतराला न्यून श्रुती म्हणतात. दहा प्रमाण श्रुती (८१/८०), पाच न्यून आणि सात पूर्ण (२५६/२४३) मिळून बावीस होतात आणि सप्तक तंतोतंत भरतं. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यांच्या प्रयोगांसाठी अब्दुल करीम खाँसाहेब गायले होते. ही सगळी खटपट आपल्या शेजारच्या सांगली-मिरजेची, आणि मिरजेच्या तंबोऱ्यांचे भोपळे तर आपल्याच पंढरपूरकडचे.

पेटीच असा सूर लावून घ्यायची असेल तर दोन गोष्टी आधी समजून घ्या. पितळी पत्तीचं टोक घासलं की स्वर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. म्हणजे कोमल गांधाराचं टोक आणि शुद्ध गांधाराचं बूड. कानस लावण्याआधी पत्तीखाली पातळ पातं सरकवा, नाहीतर पत्ती कायमची वाकते. दुसरं असं, की ही पेटी एकाच षड्जाची होते. काळी एकवर लावलेली पेटी काळी दोनच्या गायकापुढे ठेवली तर जुना ऋषभ (इथे १०/९ नव्हे, ९/८ चा) षड्ज होतो, आणि जुना धैवत त्याचा पंचम. ९/८ पासून ५/३ पर्यंतचा तो पंचम ४०/२७ चा निघतो, खऱ्या पंचमापेक्षा साडेएकवीस सेंट उतरलेला. तंबोऱ्यापुढे तो एक क्षणही सहन होत नाही.

घासताना पत्ती तापते आणि तापलेली पत्ती उतरलेली बोलते. डोल थांबले असं वाटलं की कानस खाली ठेवा, पत्ती निवू द्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ऐकूनच शेवटचा हात फिरवा.